वहिनीच्या लोणच्याच्या बरण्या आणि निळा कागद : तिसरा आठवडा

बरण्यांच्या फोटोंसाठी मागे लावायच्या पिवळ्या कार्डशीटचा नाद अखेर सोडला. लोणचं केशरी, कागद पिवळा, त्यामुळे बरणी त्यात विरघळूनच जात होती. रंगचक्रात केशरीच्या समोर निळा येतो, म्हणून यावेळी निळी कार्डशीट आणली. एक टोक भिंतीला चिकटपट्टीने लावलं, दुसरं टेबलावर सोडलं. मध्ये घडी न पाडता नुसता बाक ठेवला. फोन ट्रायपॉडवर, डावीकडे खिडकी, उजवीकडे उजेड परतवायला थर्माकोल. घरातली ट्यूबलाइट बंद, नाहीतर बरणीची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी भलत्याच रंगाची येते.

पहिल्याच फोटोत लोणचं जिवंत झालं. कैरीच्या फोडींना चिकटलेली मोहरीची डाळ, वर आलेला तेलाचा तवंग, सगळं वेगवेगळं दिसायला लागलं. बिघडलं ते लेबल. वरून पांढरंशुभ्र, खाली निळसर. दोन संध्याकाळी स्नॅपसीड या फोटो एडिटिंग अॅपमध्ये व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवायची सोय) ओढत बसले. खालची कड पांढरी केली की वरची पिवळी पडायची आणि कागदाचा निळा मळका व्हायचा.

दोष एडिटिंगचा नव्हताच. बरणीच्या पुढ्यात जो वीतभर निळा कागद पसरला होता, त्यावर पडलेला उजेड निळा होऊन लेबलवर उसळत होता. फ्रेममध्ये त्यातला जेमतेम दोन बोटं कागद येतो. उरलेल्यावर साधा पांढरा कागद टाकला आणि झाक गेली. आता व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (पांढरं कुठलं ते दाखवायचं टूल) लेबलवर एकदा टेकवला की काम भागतं.

काचेच्या कडांसाठी जुनी युक्ती चालली. बरणीच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या जरा बाहेर, काळ्या कागदाच्या उभ्या पट्ट्या ठेवल्या की काचेला बारीक गडद रेघ येते. बॅकग्राउंड उजळ असेल तेव्हाच हे करा. गडदवर पट्ट्या पांढऱ्या हव्यात.

एका कागदातून किती निळे निघतात, हे पाहून मी हरखून गेले. खिडकीच्या मागच्या अर्ध्या भागावर पुठ्ठा टेकवला, म्हणजे बरणीवर उजेड तसाच राहिला आणि मागचा कागद सावलीत गेला. तोच निळा जवळजवळ शाईसारखा झाला. पुठ्ठा काढला की पुन्हा मोरपिशीकडे झुकतो. प्रत्येक छटेसाठी नवी शीट घ्यायची गरज नाही.

बॅकग्राउंड नंतर अॅपमध्ये बदलू, असं पुष्कळजण सुचवतात. साबणाच्या वडीला किंवा डब्याला ते चालेल. काचेला नाही, असं माझं ठाम मत झालंय. बरणीच्या गळ्याशी, लोणच्याच्या वरच्या रिकाम्या भागात, मागचा कागद आरपार दिसतो. बाहेर गुलाबी लावला तरी तिथे निळा उरतोच, आणि डोळा आधी तिथेच जातो. म्हणून काचेच्या वस्तूचा रंग फोटो काढतानाच ठरवा. एडिटिंगमध्ये मी आता फक्त कागदावरचे धुळीचे कण हीलिंगने पुसते आणि निळ्याचं सॅच्युरेशन, म्हणजे भडकपणा, किंचित उतरवते.

झाकण मात्र अजून अडलंय. पत्र्याच्या चकचकीत झाकणात खिडकीचे गज स्पष्ट उमटतात. उद्या सकाळी खिडकीवर बटर पेपर लावून पाहणार आहे. कुणी ट्रेसिंग पेपर वापरला असेल तर एक थर पुरतो की दोन लागतात, तेवढं सांगा.