मोड आलेला मटार

परवा दुपारी मटार सोलत बसले होते, समोर टीव्ही आपला चालू, आणि एका शेंगेतून दाणा निघाला तो चक्क मोड आलेला. शेंगेतल्या शेंगेतच! पिशवी फ्रीजमध्ये मागे ढकलली गेली असणार आणि तिला वाटलं असेल आता आपल्याला कोणी विचारत नाही तर आपलं आपण बघू. एरवी असला दाणा सालांबरोबर जातो, पण हा हातात धरून बसले, कारण एकदम फाळके आठवले.

दादासाहेब फाळके हो. सगळ्यांना आठवतो तो त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' सिनेमा, ३ मे १९१३, गिरगावातलं कॉरोनेशन थिएटर, साडी नेसून तारामती झालेले साळुंके वगैरे. मला आपला त्याच्या आधीचा वाटाणा आवडतो. १९१२ साल, हा माणूस चाळिशी ओलांडलेला, विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आलेला, आता सिनेमा काढायला पैसे हवेत आणि पैसेवाल्यांना दाखवायला हातात काहीच नाही. मग काय, कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडं थोडं शूटिंग. असं महिनाभर तरी. पडद्यावर मात्र मिनिटभरात माती फोडून कोंब वर येतो, पानं फुटतात, वेल चढते. बघणारे गार पडले असणार.

मला कौतुक त्या मधल्या दिवसांचं. सकाळी उठायचं, कुंडीपुढे जायचं, चिमूटभर फिल्म खर्च करायची, की झालं आजचं काम. घरी कोणी आलं आणि विचारलं, सध्या काय चाललंय, तर सांगणार काय? वाटाणा वाढतोय.

शाळेत आम्हाला प्रयोग असायचा, बशीत ओला कापूस आणि त्यात मटकी. ती बशी मी खिडकीत ठेवलेली आणि येता जाता कापूस उचलून बघायचे, आलं का, आलं का. आजी वैतागायची, "अगं झोपू दे की तिला, तुला कोणी असं दर घटकेला उठवलं तर वाढशील का तू?" तरी आलीच मटकी, पण वाकडी, मान टाकलेली. तीच नेली शाळेत, डब्यात उभी धरून, आणि बाईंनी बरोबरची खूण केली. त्या खुणेचा आनंद मला नंतर कशाचाच झाला नाही बहुतेक.

आता माझी खोड. चांगल्या वह्या दिसल्या की घ्यायच्या, जाड कागद, कापडी बाइंडिंग, आणि ठेवून द्यायच्या, काहीतरी भारी सुचलं की यात लिहू म्हणून. कपाटात थप्पी आहे. वही उघडली की हात आखडतो. लिहिणं जे काय होतं ते लाइट बिलाच्या मागे नाहीतर लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला, कारण फसलं तर बिल होतं ते बिलच राहतं. आणि स्फूर्ती येईल तेव्हा येईल, बिल दर महिन्याला येतं.

फाळक्यांना स्फूर्ती मिळाली होती हे खरं. गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरची फिल्म बघताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले, असं त्यांनीच पुढे लिहिलंय. मग सिनेमे बघत सुटले ते इतके की डोळे जायची वेळ आली. पण स्फूर्ती त्यांची, आणि घर सरस्वतीबाईंचं ना? पदरात मुलं, नवरा छापखान्यातून भांडून बाहेर पडलेला, आणि या बाईने दागिने काढून दिले. वर रात्री जागून फिल्मच्या कडेला, ती कॅमेऱ्यात सरकावी म्हणून, भोकं पाडायची, शिवाय सगळ्या युनिटचा स्वयंपाक. धाडस धाडस म्हणतात ते मला यात जास्त दिसतं, पण दरवर्षी मे महिन्यात लेख येतात ते बहुतेक फाळक्यांवरच.

माझ्या नवऱ्याने महिनाभर कुंडीपुढे बसून मला वाटाणा दाखवला असता तर मी म्हटलं असतं, छान आलाय हं, आता तो कॅमेरा विकून टाक.