नवी लाइन टाकली, हम वाढला, आणि मग सापडला

म्युझिक सिस्टिमसाठी टाकलेली विजेची स्वतंत्र लाइन अखेर चालू झाली. डीबीत (घराच्या वीजवाटपाच्या पेटीत) वेगळा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच), 4 चौ. मिमीची फेज, न्यूट्रल आणि अर्थ, नवा कंड्युट, आणि थेट रॅकमागे येणारं सॉकेट. पॉवर अ‍ॅम्प त्यावर लावला आणि गाणं सुरू करायच्या आतच बसल्या जागी हम, म्हणजे स्पीकरमधली सततची घुमघुम, ऐकू आला. जुन्या सॉकेटवर तो वूफरला कान लावल्याशिवाय कळत नव्हता! त्यामुळे बासबद्दल लिहायचं ठरवलं होतं ते राहिलं बाजूला.

आधी आवाजाची जात पाहिली. व्हॉल्यूम पूर्ण खाली आणला तरी हम तेवढाच, म्हणजे तो व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी शिरतोय. प्रीअ‍ॅम्पकडून येणाऱ्या केबली काढून पॉवर अ‍ॅम्पच्या इनपुटला शॉर्टिंग प्लग (इनपुट बंद करणारे, सिग्नल आणि शील्ड जोडून टाकणारे) घातले, तर दोन्ही वूफर गप्प. अ‍ॅम्प संशयातून सुटला. 100 हर्ट्झची खरखर असती तर रेक्टिफायर आणि फिल्टर कपॅसिटरांवर संशय घेतला असता. हा 50 हर्ट्झचा जाड, गोल स्वर होता.

मग मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर टाकला. केबल सुटीच ठेवून एक प्रोब पॉवर अ‍ॅम्पच्या आरसीए सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला, दुसरा प्रीअ‍ॅम्पच्या कड्याला. आकडा 40 मिलिव्होल्टच्या आसपास. तिकडे फ्रिजचा कॉम्प्रेसर लागला आणि आकडा 60 च्या वर चढला. तिथेच उलगडा झाला.

पॉवर अ‍ॅम्प नव्या लाइनवर. प्रीअ‍ॅम्प, डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा डबा) आणि कॉम्प्युटर जुन्या सॉकेटवर. दोन्हीकडच्या अर्थ वायरी भेटतात त्या थेट डीबीतल्या अर्थच्या पट्टीवर, आणि तिथपर्यंत त्या वेगवेगळ्या भिंतींतून जातात. आरसीए केबल लावली की अख्ख्या खोलीएवढा अर्थ लूप, म्हणजे अर्थ वायरी आणि केबल मिळून बनलेलं बंद कडं, पूर्ण होतो. जुन्या अर्थ वायरीतून कॉम्प्युटर आणि फ्रिजची गळती वाहते. शिवाय कंड्युटमध्ये तिन्ही वायरी सैल पडलेल्या असतात. अर्थ फेजच्या जवळ आणि न्यूट्रलपासून लांब असली की लोडचा करंट तिच्यात थोडा व्होल्टेज उपजवतोच. या सगळ्याचा करंट आरसीए केबलच्या शील्डमधून (बाहेरच्या जाळीतून) फिरतो. अनबॅलन्स्ड जोडणीत सिग्नलचा परतीचा रस्ताही तीच शील्ड, म्हणून शील्डच्या रेझिस्टन्सवर पडणारा व्होल्टेज अ‍ॅम्पला सिग्नलच वाटतो आणि इमानेइतबारे वाढवून स्पीकरला जातो.

उपाय एका पॉवर स्ट्रिपचा निघाला. रॅकमधलं सगळं, कॉम्प्युटरसकट, नव्या सॉकेटवरच्या एकाच जाड स्ट्रिपवर आणलं. कड्यांमधला आकडा 1 मिलिव्होल्टच्याही खाली! टीव्ही जुन्याच सॉकेटवर आहे, पण त्याची जोडणी डॅकला ऑप्टिकल आहे, त्यामुळे तांब्याने तो कुठेच चिकटत नाही. रात्री तंबोऱ्याचं एक रेकॉर्डिंग लावलं. शेवटची तार विरत जाते तिच्या मागे काहीही नाही, अगदी काहीही नाही. किती वेळ ऐकत बसलो कोण जाणे.

अर्थची पिन काढून टाकली तरी हम जातो, हे खरं आहे. ते कुणीही करू नका. अ‍ॅम्पच्या आत फेज सुटून चासीला (धातूच्या डब्याला) लागली तर तोच अर्थ एमसीबी पाडतो. तो नसेल तर केबलची शील्ड आणि तुमचा हात उरतो.

आता जाड वायरीबद्दल. डीबीपासून 25 मीटर अंतर, येऊन-जाऊन 50 मीटर तांबं. 2.5 चौ. मिमीला साधारण 0.37 ओहम, 4 ला 0.23. माझा अ‍ॅम्प जोरात वाजताना 2 अँपिअर ओढतो असं धरलं तरी फरक 0.3 व्होल्टच्या आत, 230 मधून. डोळे मिटून मला तो ओळखता आला नाही, आणि महागड्या पॉवर कॉर्डचा तर नाहीच नाही. घट्ट पकडीचं सॉकेट आणि नीट कसलेले टर्मिनल यांवर खर्च करा, तो वाया जात नाही. टेस्टर या कामात निरुपयोगी आहे. मिलिअँपिअर दाखवणारा क्लॅम्प मीटर मात्र हवाच, अर्थमधली गळती त्याशिवाय दिसत नाही.

सोर्ससाठी (डॅक, कॉम्प्युटर वगैरेंसाठी) दुसरी स्वतंत्र लाइन टाकायचा बेत होता. हे लिहिता लिहिताच तो सोडला, कारण तिची अर्थ वायर हाच लूप पुन्हा उभा करेल. त्याऐवजी कंड्युटमधल्या वायरी ओढून काढून फेज आणि न्यूट्रल ड्रिलने एकमेकींभोवती पिळून परत घालाव्यात असं आता मनात येतंय. पिळल्यावर दोघींची चुंबकीय क्षेत्रं बरीचशी एकमेकांना खातात.

बैठकीच्या दिव्यांचा डिमर अजून ट्वीटरमध्ये बारीक चरचरतो. तो बदलून साधा स्विच लावणार, त्यात शोधण्यासारखं काही नाही.

टोरॉइडचं (अ‍ॅम्पमधल्या कड्याच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरचं) प्रकरण जास्त रंजक आहे. स्पीकर गप्प असताना अ‍ॅम्पचा डबाच अधूनमधून गुरगुरतो, आणि तेही घरात हेअर ड्रायर कमी वेगावर चालू असतानाच. कमी वेगासाठी त्यात डायोड असावा: अर्धीच लहर ओढली जाते, लाइनवर थोडा डीसी चढतो आणि टोरॉइडचा गाभा एका बाजूला सॅच्युरेट होतो. त्यासाठी डीसी ब्लॉकर, म्हणजे लाइनवरचा हा डीसी अडवणारा डबा, बांधायला घेतलाय. 35 अँपिअरचा ब्रिज (चार डायोडांचा रेक्टिफायर), प्लस-मायनस शॉर्ट करून, आणि त्याला समांतर पाठीला पाठ लावलेले 10,000 मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर. आधी फ्यूज, सगळं बंद धातूच्या डब्यात, डबा अर्थला जोडलेला, आणि अर्थची वायर ब्लॉकरमधून न नेता सरळ अ‍ॅम्पला. ब्रिजला हीटसिंक द्यावा की डब्याच्या तळालाच कसावा, एवढं ठरायचं आहे.