तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे वाटायला डिग्री कशाला?

हा प्रश्न मला दोन सुरांत विचारला जातो. वडीलधारी मंडळी म्हणतात, "दानधर्म करायला आता कॉलेजात जावं लागतं होय गं?" आणि मुलं-मुली विचारतात, "ताई, यात करिअर होतं का?" पहिल्यात थट्टा असते, दुसऱ्यात पोटापाण्याची काळजी. मी विद्यापीठात फिलान्थ्रॉपी, म्हणजे लोककल्याणासाठी पैसे देण्याचं शास्त्र, शिकले आणि सध्या अनुदान देणाऱ्या एका प्रतिष्ठानात नोकरी करते. म्हणजे महिन्याचा पगार घेऊन दुसऱ्याचे पैसे वाटते. 'आयजीच्या जिवावर बायजी उदार' ही म्हण मला एवढ्या लोकांनी ऐकवली आहे, की हल्ली ओळख करून देताना मीच ती आधी म्हणून टाकते.

म्हण खरीच आहे, आणि सगळा अभ्यासक्रम खरं तर तिच्यावरच उभा आहे. दानत वर्गात शिकवता येत नाही, कुणी तसा प्रयत्नही करत नाही. ज्याला स्वतःच्या खिशातले द्यायचे आहेत त्याने मनाला येईल तसे द्यावेत, त्याला डिग्रीची काही गरज नाही. पैसे दुसऱ्याचे असतात तिथे प्रश्न सुरू होतो. कधी ते वारलेल्या माणसाचे असतात, कधी कंपनीच्या भागधारकांचे, कधी हजारो लोकांनी थोडे थोडे करून पाठवलेले. ते कुणाला द्यायचे हे ठरवायला जो बसतो त्याला बहुतेक वेळा 'नाही' म्हणावं लागतं, आणि तेही चांगलं काम करणाऱ्यांना. तो 'नाही' कशाच्या आधारावर म्हणायचा, आणि म्हणायचा अधिकार आपल्याला दिला कोणी, हे दोन प्रश्न नीट विचारता यावेत म्हणून शिकायचं.

विषय तसा तरुण आहे. इंडियाना विद्यापीठाने 1987 मध्ये यासाठी एक केंद्र काढलं. पुढे इंडियानापोलिसमध्ये त्याचंच लिली फॅमिली स्कूल ऑफ फिलान्थ्रॉपी झालं. याच एका विषयाला वाहिलेली अशी जगातली ती पहिली संस्था. इंग्लंडमध्ये केंट विद्यापीठाने यात एम.ए. सुरू केलं, जिनिव्हा विद्यापीठाने 2017 मध्ये केंद्र उघडलं. शिकवणारे मात्र सगळे दुसऱ्या घरांतून आलेले: कुणी इतिहासाचे, कुणी कायद्याचे, कुणी अर्थशास्त्राचे. त्यामुळे सकाळी विश्वस्तांच्या जबाबदाऱ्यांवर तास आणि दुपारी माणूस मुळात देतोच का यावर. देणाऱ्याला देण्यातून स्वतःला बरं वाटतं, या साध्या गोष्टीला अर्थशास्त्रज्ञ 'वॉर्म ग्लो' म्हणतात आणि त्यावर समीकरणं मांडतात. ती समीकरणं मला फारशी कामाला आली नाहीत, हे आत्ताच सांगून टाकते.

कामाला आला तो इतिहास. त्यातही मृत्युपत्रं.

अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनचंच घ्या. 1790 मध्ये तो गेला तेव्हा त्याने बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना प्रत्येकी 1,000 पौंड ठेवले होते. अट अशी की ही रक्कम लग्न झालेल्या, पंचविशीच्या आतल्या, वस्तादाकडे शिकाऊ म्हणून उमेदवारी पुरी केलेल्या तरुण कारागिरांना 5 टक्के व्याजाने कर्जाऊ द्यायची. परत आलेले पैसे पुन्हा पुढच्यांना. शंभर वर्षांनी मोठा हिस्सा काढून सार्वजनिक कामांवर खर्चायचा, उरलेला आणखी शंभर वर्षं फिरवायचा. बेत देखणाच होता. पण एकोणिसाव्या शतकात कारखाने आले आणि वस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं काढून कारागीर होण्याची पद्धतच मोडीत निघाली. अटीत बसणारा तरुण मिळेनासा झाला. पैसे होते, विश्वस्त होते, घेणाराच उरला नव्हता. मग पैसे दुसरीकडे गुंतवले गेले. 1990 मध्ये मुदत संपली तेव्हा बॉस्टनकडे 45 ते 50 लाख डॉलर आणि फिलाडेल्फियाकडे सुमारे 20 लाख डॉलर होते. दोन्ही शहरांना सुरुवात सारख्याच रकमेने करून दिलेली. म्हणजे देणारा कितीही हुशार असला तरी सांभाळणारे कोण भेटतात यावर किती अवलंबून असतं बघा.

त्याच फिलाडेल्फियातल्या स्टीफन गिरार्डची गोष्ट जास्त कडू आहे. 1831 मध्ये त्याने अनाथ मुलांच्या शाळेसाठी अफाट संपत्ती ठेवली, पण मृत्युपत्रात लिहून गेला की मुलं गोरीच हवीत. तो मेला, त्याचा काळ संपला, गुलामगिरी कायद्याने गेली, तरी अट शाबूत. कोर्टकचेऱ्या झाल्या, शाळेच्या भिंतीबाहेर निदर्शनं झाली, आणि 1968 मध्ये पहिली कृष्णवर्णीय मुलं आत गेली. मेलेल्या माणसाची इच्छा किती काळ पाळायची, यावर आमच्या वर्गात जी खडाजंगी झाली ती तास संपल्यावर जिन्यातही चालू होती. ज्यांच्या घरी संपत्ती होती ते साधारण एका बाजूला आणि आम्ही बाकीचे दुसऱ्या बाजूला, हेही तेव्हाच लक्षात आलं.

माझं माप ज्युलियस रोझनवाल्डच्या पारड्यात पडतं. सीअर्स-रोबक या कंपनीचा हा धनी. कृष्णवर्णीयांचे पुढारी आणि शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याबरोबर त्याने अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे 5,000 शाळा उभ्या करायला मदत केली. सगळे पैसे तो देत नसे. गावाने काही उभे करायचे, सरकारी शाळाखात्याने काही घालायचे, मग तो घाले. शिवाय आपला निधी आपल्यामागे फार काळ राहू नये असा त्याचा हट्ट. 1932 मध्ये तो वारला, 1948 मध्ये निधी ठरल्याप्रमाणे संपवला गेला. गावाच्या वाट्याबद्दल मात्र एक बाजू अशीही आहे की ती माणसं कर भरतच होती, वर शाळेसाठी पुन्हा पदरचे घालत होती. हे कुणीतरी वर्गात म्हटलं नाही तर रोझनवाल्ड उगाच संत होऊन बसतो.

आणि तेलाच्या धंद्यात अफाट पैसा केलेला जॉन डी. रॉकफेलर. त्याला आपल्या प्रतिष्ठानासाठी अमेरिकी संसदेची सनद, म्हणजे संस्था स्थापन करायची कायदेशीर मान्यता, हवी होती. पैसे स्वतःचे, कारण लोककल्याणाचं, तरी संसदेने दिली नाही. एवढी संपत्ती एका घराण्याच्या हाती कायमची ठेवायची आणि तिच्या जोरावर समाजाचं भलं कशात आहे ते त्यांनी ठरवायचं, ही कल्पनाच अनेकांना पटत नव्हती. शेवटी 1913 मध्ये न्यूयॉर्क राज्याने सनद दिली. आज कुणी मोठी देणगी जाहीर केली की टाळ्या पडतात. शंभर वर्षांपूर्वी लोक आधी 'हे ठरवणारे तुम्ही कोण?' असं विचारत होते, हे मला शिकण्याआधी ठाऊक नव्हतं.

आता वर्गातली एक गोष्ट, जिच्यामुळे मी या कामात राहिले. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत अशी पद्धत आहे की एखादा देणगीदार वर्गाला खरी रक्कम देतो आणि ती कुठल्या संस्थेला द्यायची हे विद्यार्थ्यांनी ठरवायचं. आमच्याही वर्गात तसं होतं. शेवटी दोन अर्ज उरले. एक मुलांना खेळ शिकवणारी संस्था. तिचा अर्ज सुरेख, फोटो हसरे, मागणी साहित्याची. दुसरी घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी फोनवर मदत देणारी संस्था. अर्ज कंटाळवाणा, मागणी रात्रपाळीच्या पगाराची. वर्गाचा कल उघडच पहिल्या संस्थेकडे होता. पगाराला कोण पैसे देतं? चेंडू दिसतात, पगार दिसत नाही.

आमच्यात एकजण आधी हिशेबनीस होता. तो बजेटच्या एका ओळीवर बोट ठेवून बसला. रात्रपाळीचा पगार आठ महिन्यांचाच का दाखवलाय? आम्ही म्हटलं, असेल काहीतरी. त्याने संस्थेला फोन लावला. उरलेले चार महिने दुसऱ्या एका देणगीदाराच्या नावावर धरले होते आणि तो होकार अजून यायचा होता. नाही आला, तर चार महिने रात्री फोन उचलायला कुणी नाही. अर्जात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पैसे मागताना आपली अडचण किती उघडी करायची, याची मागणाऱ्याला धास्ती असते. फार उघडी केली तर 'संस्था डळमळीत आहे' असा शेरा बसतो.

रक्कम दुसऱ्या संस्थेला गेली. खेळवाल्यांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. संस्थेच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमचं काय चुकलं ते सांगाल का? म्हणजे पुढच्या वेळी सुधारू." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तसं मी सांगितलं, आणि ते त्यांना खरं वाटलं नाही हे मला फोनवरही कळलं. आजही नकाराचं पत्र लिहायला मला मंजुरीच्या पत्रापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो लागावा असंच माझं मत आहे. कित्येक ठिकाणी तर नकार कळवतच नाहीत. संस्था महिनोन्‌महिने ताटकळत बसते.

पगारावरून आठवलं. देणगीदारांचा सगळ्यात आवडता प्रश्न म्हणजे, "माझ्या पैशातले ऑफिसखर्चात किती जातात?" प्रश्न वाजवी आहे, पण त्याला एवढं महत्त्व आलं की संस्था हिशेबनीस न ठेवता, जुने कॉम्प्युटर वापरत, खर्च कमी दाखवायला शिकल्या. मग देणगीदारांना वाटतं की एवढ्यात भागतं, म्हणून पुढच्या वर्षी ते आणखी कमी देतात. 2013 मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या संस्थांनी, म्हणजे इतर संस्थांना तपासण्याचंच काम करणाऱ्यांनी, देणगीदारांना खुलं पत्र लिहिलं की नुसत्या या टक्केवारीवरून संस्थेची किंमत करू नका. अमेरिकेतल्या धनाढ्य देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांनी 2020 पासून मोठमोठ्या रकमा 'कशावर खर्चायच्या ते तुमचं तुम्ही ठरवा' म्हणून दिल्या, त्याचा आमच्या क्षेत्रात एवढा गाजावाजा का झाला, ते यावरून कळेल. बाकीच्या ठिकाणी अजून उंटावरून शेळ्या हाकणं चालू आहे. तिमाही रिपोर्ट, सहामाही रिपोर्ट, आणि प्रत्येक देणगीदाराचा फॉर्म वेगळा.

करिअरचं म्हणाल, तर आधी एक गैरसमज काढून टाका. डिग्री घेणाऱ्या बहुतेकांना टेबलाच्या देणाऱ्या बाजूला बसायचं असतं. नोकऱ्या मात्र मागणाऱ्या बाजूला कितीतरी जास्त आहेत: विद्यापीठं, हॉस्पिटलं, म्युझियम, लहानमोठ्या संस्था, सगळ्यांना निधी उभा करणारी माणसं हवी असतात. देणाऱ्या बाजूला प्रतिष्ठानं आहेत, श्रीमंत घराण्यांचे सल्लागार आहेत, कंपन्यांचे विभाग आहेत. भारतात 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चायला लावली, तेव्हा कंपन्यांना अशी माणसं एकदम लागू लागली. अमेरिकेत खासगी प्रतिष्ठानांना दरवर्षी आपल्या मालमत्तेच्या साधारण 5 टक्के वाटावेच लागतात. त्या नियमाचं मूळ 1969 च्या कर-कायद्यात आहे. उरलेले 95 टक्के कुठे गुंतवले आहेत, हा प्रश्न मुलाखतीत विचारून बघा. समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

माझा सल्ला विचाराल तर पहिली काही वर्षं मागणाऱ्या बाजूला काढा. एखाद्या लहान संस्थेत प्रपोजल लिहा, ऑडिटच्या वेळी व्हाउचर शोधा, अनुदानाचा हप्ता लांबला म्हणून कुणाचा पगार आधी करायचा या चर्चेत बसा. थेट देणाऱ्या खुर्चीत बसलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्यांना समोरचा माणूस कधी घाबरून 'हो' म्हणतोय ते कळत नाही. या खुर्चीत बसलं की तुमच्या साध्या विनोदांनाही लोक हसायला लागतात, तुमच्या अर्ध्याकच्च्या सूचनाही लगेच वहीत उतरवून घेतल्या जातात. मी एकदा चहा पिता पिता सहज म्हटलं होतं की अमुक गटासाठीही काही करता येईल, तर पुढच्या प्रपोजलमध्ये त्यावर अख्खं प्रकरण आलं.

पगाराबद्दल सगळे शेवटी, आवाज खाली आणून विचारतात. लहान संस्थेपेक्षा बरा, कॉर्पोरेटपेक्षा कमी. कर्ज काढून परदेशी जाऊन हे शिकायचं असेल तर हप्त्याचं गणित आधी मांडा.

आणि अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकातली 'जग बदला' वगैरे पानं उलटून सरळ विषयांच्या यादीवर या. ताळेबंद वाचणं सक्तीचं आहे का, की ऐच्छिक? संस्थेत प्रत्यक्ष काम करायला किती महिने पाठवतात? शिकवणाऱ्यांत कुणी स्वतः कधी देणगी मागितलेली आहे का? विद्यापीठाला ज्यांनी पैसे दिले त्यांच्यावर वर्गात टीका झालेली चालते का, हे जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. चारपैकी तीन उत्तरं धड मिळाली तर फॉर्म भरायला हरकत नाही. ताळेबंदाचं उत्तर मात्र 'ऐच्छिक' आलं तर मी दुसरीकडे बघेन.