नोट्स माझ्या, चित्रं कुणाची?

गेल्या सुट्टीत मी एक उद्योग करून ठेवला. दहा-बारा वर्षं वर्गात वापरतेय त्या माझ्या स्टॅटिस्टिक्सच्या नोट्स ओपन लायसन्सखाली, म्हणजे कुणीही घ्या, वापरा, बदला अशी लेखी परवानगी देऊन, नेटवर टाकायच्या असं ठरवलं. म्हणलं दोन दिवसांचं काम, फाइल तयारच आहे, खाली लायसन्सची एक ओळ टाकायची आणि अपलोड करायचं. सव्वा महिना गेला आणि एक चॅप्टर अजूनही अडकलेलंच आहे.

झालं काय, की पहिल्याच पानावर नॉर्मल कर्व्हचं छान रंगीत चित्र. ते मी काढलेलं नाही. मग कुणी काढलं? काय माहीत, कधीतरी सर्च करून उचललेलं. पुढे स्कॅटर प्लॉट, तोही उचललेला. एक आख्खं टेबल एका सिनियर सरांच्या स्लाइड्समधून माझ्याकडे आलेलं आणि सरांना विचारलं तर ते म्हणाले मलाही कुणीतरी दिलं होतं. वर्गात पडद्यावर दाखवताना हे कधी डोक्यातही आलं नाही. पण चार भिंतींत दाखवणं वेगळं आणि "हे घ्या, हवं ते करा" म्हणून सगळ्यांना देणं वेगळं, जे माझं नाही ते मी देणार कुठून? सूत्रावर कुणाचा कॉपीराइट नसतो, सरासरी काढायची रीत कुणाच्या मालकीची नाही, पण ती समजावणारी वाक्यं आणि चित्रं कुणाची तरी असतात.

शेवटी बसले आणि सगळे ग्राफ आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने काढले. नॉर्मल कर्व्हला दहा मिनिटं लागली. दहा मिनिटं! एवढ्यासाठी मी इतकी वर्षं उचलेगिरी केली.

स्टाफरूममध्ये अजून बऱ्याच जणांना ओईआर (खुलं शैक्षणिक साहित्य) म्हणजे फुकटची पीडीएफ असंच वाटतं. मलाही वाटायचं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २००१ मध्ये आपल्या कोर्सचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं करायचं जाहीर केलं, पुढच्या वर्षी युनेस्कोच्या बैठकीत 'ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस' हे नाव पडलं, आणि त्याच वर्षी, २००२ च्या डिसेंबरात, क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेची कुणालाही वापरता येतील अशी पहिली तयार लायसन्सेस आली. माझ्या मते खरी गंमत या तिसऱ्या गोष्टीत आहे, कारण फुकट वाचायला देणं हा एक चांगुलपणा झाला, उद्या लिंक बंद केली की संपला, पण लायसन्स म्हणजे दिलेला शब्द, तो मागे घेता येत नाही. मी साइटवरून फाइल काढून टाकली तरी ज्यांनी आधी घेतली त्यांचा हक्क तसाच राहतो. डेव्हिड विली या अभ्यासकाने हे हक्क पाच सांगितलेत, जवळ ठेवा, वापरा, बदला, दुसऱ्यात मिसळा, पुढे वाटा. आपण वापरा आणि वाटा इथेच थांबतो. बदलायच्या वाटेला कुणी जात नाही.

मी गेले ते नाइलाजाने. ओपनस्टॅक्स या खुली पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेचं स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक वर्गात लावलं होतं. पुस्तक चांगलंय, पण त्यात जागोजागी टीआय-८३, टीआय-८४ कॅल्क्युलेटरवर कुठलं बटण दाबायचं ते दिलंय, आणि माझ्या वर्गात असा कॅल्क्युलेटर एकाकडेही नाही, सगळी मुलं मोबाइल नाहीतर लॅबमधली स्प्रेडशीट वापरतात. दोन वर्षं मी "तेवढं सोडून वाचा" म्हणत राहिले. मग कधीतरी लक्षात आलं की या पुस्तकाचं लायसन्स बदल करायची मुभा देतं, मी ती पानं काढून तिथे स्प्रेडशीटच्या पायऱ्या घालू शकते, मूळ लेखकांचं नाव दिलं आणि काय बदललं ते लिहिलं की झालं. दुकानातल्या पुस्तकाला हे करता आलं नसतं हो. सोबत उदाहरणंही बदलली, मुलांनीच गोळा केलेला डेटा घातला, कॉलेजला यायला किती मिनिटं लागतात वगैरे. आउटलायर (बाकीच्यांपासून फार दूर पडणारा आकडा) म्हणजे काय ते मला शिकवावंच लागलं नाही, तो मागच्या बाकावर बसलेला होता.

लायसन्सच्या बाबतीत मात्र मी दोनदा तोंडावर पडले. एक सुंदर वर्कबुक मिळालं म्हणून मराठीत करायला घेतलं, अर्ध्यात आल्यावर लायसन्स नीट वाचलं तर एनडी. म्हणजे बदललेली प्रत वाटायची नाही, आणि भाषांतर हा बदलच धरतात. गेलं सगळं पाण्यात. दुसऱ्यांदा एका ठिकाणचा मजकूर बाय-एसए आणि दुसरीकडचा बाय-एनसी-एसए (यातलं एनसी म्हणजे धंद्यासाठी वापरायचं नाही) असा एकत्र कालवला. दोघांची अट अशी की नवी वस्तू आमच्याच लायसन्सखाली द्या, आता एका वस्तूला दोन्ही कसं लावणार? सगळं पुन्हा वेगळं करत बसले. आता सवय लावून घेतलीय, काहीही घेतलं की त्याच क्षणी एका साध्या फाइलमध्ये नाव, कर्ता, कुठून घेतलं आणि लायसन्स एवढं लिहायचंच. नंतर लिहीन म्हणलं की पुन्हा त्या सरांच्या टेबलासारखी गत.

आणि पीडीएफचं काय ते एकदा बोलतेच. पहिली दोन चॅप्टर्स मी मोठ्या दिमाखात पीडीएफ करून टाकली. दुसऱ्या कॉलेजच्या एका मॅडमचा मेल आला, बदल करायचेत पण समीकरणं कॉपी होत नाहीत. बरोबरच होतं त्यांचं, मुभा दिली आणि फाइल कुलुपात. आता मूळ एडिट होणारी फाइलही ठेवते.

मुलांकडूनही साहित्य करून घेतलं, प्रत्येकाने एक सोडवलेलं उदाहरण, समजावून लिहिलेलं. पण त्यांच्या लिखाणाचा कॉपीराइट त्यांचा, मार्क माझ्या हातात आहेत म्हणून मी परस्पर टाकू शकत नाही. मार्क लागल्यानंतर विचारलं. बऱ्याच जणांनी हो म्हणलं, काहींनी नाही म्हणलं, एकाला स्वतःचं नाव नको होतं, तेही चालतं.

हे सगळं कुठे मोजलं जातं विचाराल तर कुठेच नाही. युनेस्कोच्या २०१९ च्या शिफारशीत असं साहित्य तयार करणं हे शिक्षकाचं व्यावसायिक किंवा शैक्षणिक श्रेय धरावं असं म्हटलंय, पण मी दरवर्षी जो अप्रेझलचा फॉर्म भरते त्यात शोधनिबंधाला रकाना आहे, परिषदेला आहे, याला नाही. 'इतर' मध्ये लिहिते. इतरला शून्य गुण.

अडकलेलं चॅप्टर म्हणजे ते सरांचं टेबल असलेलंच. नवा डेटा घेऊन टेबल परत करायचंय, होईल. तेवढ्यात कालच एका मुलीचा मेसेज आला, मॅडम चॅप्टर २ मधल्या सातव्या उदाहरणात बेरीज चुकलीय. तपासली. चुकलीय, आणि दहा-बारा वर्षं चुकलेलीच आहे.