व्हॅक्यूम क्लीनरच्या टेस्ट रेटिंगवर विश्वास ठेवायचा का? माझा अनुभव

आईला धुळीची ॲलर्जी आहे, झाडू फिरला की शिंका सुरू, म्हणून व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचं ठरलं आणि निवडायचं काम माझ्याकडे आलं. शोधायला बसले तर एकाच मॉडेलला विक्रीच्या साइटवर साडेचार स्टार, एका "टॉप टेन" यादीत पहिला नंबर, आणि ग्राहक संस्थेच्या लॅब टेस्टमध्ये जेमतेम मधली जागा. मशीन तेच, मग खरं कोणाचं धरायचं?

स्टारचं पटकन उरकते. बहुतेक लोक मशीन घरी आल्या आल्या स्टार देतात, तेव्हा सगळं नवंकोरं असतं, आवाज कमी आहे, डिलिव्हरी वेळेवर आली, रंग छान आहे, फाइव्ह स्टार. मशीनमधून मागच्या बाजूने किती बारीक धूळ परत खोलीत येते हे घरी बसून कोणालाच कळत नाही, कारण ती दिसतच नाही. "टॉप टेन" याद्यांमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की लिंकवरून खरेदी झाली तर कमिशन मिळतं, आणि मशीन स्वतः वापरून बघितल्याची एकही खूण लेखात नसते. ते मी बाजूला ठेवलं.

राहिल्या ग्राहक संस्था. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स 1936 पासून आहे, ब्रिटनमधली विच 1957 पासून, जर्मनीची स्टिफ्टुंग वॉरेनटेस्ट 1964 पासून. त्यांच्याबद्दल मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मशीन कंपनीकडून फुकट मागवत नाहीत, साध्या गिऱ्हाइकासारखी दुकानातून विकत घेतात, त्यामुळे कंपनीला खास निवडून-तपासून पीस पाठवायची सोयच राहत नाही. आणि टेस्ट सगळ्या मशीनला सारखी. कार्पेटसाठी अमेरिकेत जी स्टँडर्ड पद्धत आहे तिच्यात 90 टक्के वाळू आणि 10 टक्के टाल्कम पावडर असं मिश्रण कार्पेटमध्ये घोळून बसवतात, मग ठरावीक वेगाने मशीन फिरवतात आणि किती ग्रॅम उचललं ते वजन करून बघतात. इथे कोणाच्या आवडीनिवडीचा प्रश्नच नाही, काट्यावर जे आलं ते आलं.

तरीपण नुसता एकूण आकडा बघून मी खरेदी केली नाही, आणि त्याला कारण आहे युरोपातली एक केस, जी वाचल्यावर रेटिंगकडे बघायची माझी पद्धतच बदलली. युरोपियन युनियनने सप्टेंबर 2014 पासून व्हॅक्यूम क्लीनरवर लेबल सक्तीचं केलं होतं, फ्रिजवर असतं तसं, एनर्जीला ग्रेड, कार्पेटला वेगळी, फरशीला वेगळी, बाहेर पडणाऱ्या धुळीला वेगळी. ऐकायला एकदम छान. पण एनर्जीची टेस्ट व्हायची धुळीची पिशवी किंवा डबा रिकामा ठेवून! डायसन कंपनी यावर कोर्टात गेली, म्हणणं असं की घरात कोणी रिकाम्या पिशवीने झाडत नाही, पिशवी भरत जाते तशी हवा अडते आणि ओढ कमी होते, मग हे लेबल गिऱ्हाइकाला काय सांगतंय? 2015 मध्ये ते हरले, अपील केलं, 2017 मध्ये वरच्या कोर्टाने प्रकरण परत पाठवलं आणि नोव्हेंबर 2018 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, लेबलचा नियमच रद्द. 2019 च्या सुरुवातीपासून ते लेबल गेलं. डायसनचा स्वतःचा धंद्याचा फायदा त्यात होता हे उघड आहे (त्यांची मशीन बिनपिशवीची), पण मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. त्या लेबलवरचा आकडा खोटा नव्हता, फक्त तो अशा परिस्थितीतला होता जी माझ्या घरात पहिल्याच दिवशी संपणार.

तेव्हापासून मी कुठलंही रेटिंग बघितलं की आधी "हे कशा अवस्थेत मोजलं" ते शोधते. काही टेस्टमध्ये पिशवी भरल्यावर ओढ किती टिकते याचा वेगळा कॉलम असतो, तो सापडला की मला हायसं वाटतं.

दुसरी गोष्ट वेटेजची. एकूण मार्क म्हणजे बऱ्याच कॉलमची बेरीज, आणि कुठल्या कॉलमला किती टक्के द्यायचे हे संस्था ठरवते. स्टिफ्टुंग वॉरेनटेस्ट हे टक्के टेबलमध्येच छापते, शिवाय एखाद्या महत्त्वाच्या बाबतीत मशीन नापास असेल तर बाकी कितीही चांगलं असलं तरी एकूण ग्रेड खाली ओढते (आणि त्यांच्याकडे कमी आकडा म्हणजे चांगलं, उलटं वाचू नका). मी कागद घेतला आणि टक्के माझ्या हिशोबाने लावले. आमच्याकडे कार्पेट नाही, एक छोटी सतरंजी आहे, म्हणून कार्पेटला अगदी थोडे. धूळ बाहेर पडण्याला सगळ्यात जास्त, फरशीच्या सांध्यांना त्याखालोखाल, आवाजाला फारसे नाही. झालं, यादीत वर असलेली कॉर्डलेस खाली आली आणि मधे कुठेतरी पडलेली पिशवीवाली वायरची मशीन वर आली. ती मागे पडली होती जड आहे आणि कार्पेटवर साधारण आहे म्हणून, म्हणजे ज्याचं मला काहीच पडलेलं नाही त्यामुळे.

धुळीच्या कॉलमबद्दल जरा जास्त लिहिते कारण ॲलर्जीवाल्या घरात तोच खरा. बॉक्सवर "एच13 फिल्टर, 99.95 टक्के" असं लिहिलेलं असतं, ते फक्त फिल्टर किती बारीक धूळ अडवतो याबद्दल असतं. हवा फिल्टरला वळसा घालून झाकणाच्या फटीतून निसटत असेल तर त्या आकड्याचा उपयोग काय? चांगल्या टेस्टमध्ये अख्खी मशीन चालू ठेवून बाहेर येणाऱ्या हवेतले कण मोजतात, म्हणून तो कॉलम फिल्टरच्या नावापेक्षा भरवशाचा. पण तोही मशीन चालू असतानाचा. डबा कचऱ्यात उपडा करताना जो ढग उठतो तो त्यात धरलेला नसतो, आणि आईला त्रास नेमका त्याचाच होणार होता. पिशवी घ्यायचं कारण हे.

वॅटच्या आकड्याकडे मी बघितलंच नाही. वॅट म्हणजे मशीन किती वीज खाते, किती साफ करते ते नाही. युरोपात 2017 पासून 900 वॅटच्या वर मशीन विकायलाच परवानगी नाही आणि तिथली चांगली मशीन व्यवस्थित साफ करतात. किलोपास्कलचंही (ओढीचा दाब) तसंच, तो आकडा नळी पूर्ण बंद करून घेतलेला असतो, म्हणजे हवा वाहतच नसताना.

मशीन घरी आल्यावर मला राहवेना, मैत्रिणीची कॉर्डलेस दोन दिवस मागून आणली आणि दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या. बारीक चाळणीने वाळू चाळली, किचनच्या वजनकाट्यावर 50 ग्रॅम मोजली, फरशीवर पसरून जुन्या ब्रशने सांध्यात घासून बसवली. कॉर्डलेस फिरवल्यावर वरवर फरशी लख्ख, पण टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरला तर सांध्यात दाण्यांची ओळ तशीच. आमची मशीन फिरवल्यावर तिथे जवळजवळ काही राहिलं नाही. सतरंजीवर मात्र उलटं झालं, कॉर्डलेसचा फिरता ब्रश वाळू उकरून काढत होता आणि आमची साधी पट्टी वरवरच फिरत होती, पिशवीचं आधीचं-नंतरचं वजन केलं तर फरक स्पष्ट दिसला. टेबलात हेच लिहिलं होतं, दोन्ही बाबतीत! त्यामुळे लॅबच्या कॉलमवर माझा विश्वास आता पक्का आहे, एकूण मार्कांवर नाही.

जे कुठल्याच कॉलममध्ये मनासारखं मिळालं नाही ते म्हणजे टिकाऊपणा. युरोपच्या नियमात मोटर 500 तास आणि नळी 40,000 वेळा वाकवून टिकली पाहिजे असं आहे, पण झाकणाची कडी तुटणं, वायर आत न जाणं, बॅटरी दोन वर्षांत अर्धी होणं हे नव्या मशीनच्या टेस्टमध्ये कसं दिसणार. कन्झ्युमर रिपोर्ट्स सभासदांना विचारून ब्रँडनुसार बिघाडाचा अंदाज देते, तो कामाचा आहे पण ब्रँडचा आहे, तुमच्या मॉडेलचा नाही. म्हणून मी घ्यायच्या आधी दुकानदाराला पिशव्या, फिल्टर आणि नळी सुटी मिळतात का आणि किती वर्षं मिळतील हे विचारलं, आणि ज्या मॉडेलबद्दल "बघून सांगतो" असं उत्तर आलं ते यादीतून काढलं. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत टेबलाशी जुळवून बघा, कारण त्याच नावाने वेगळ्या हेडची (जमिनीवर फिरणारा पुढचा भाग) किंवा वेगळ्या फिल्टरची मशीन सर्रास विकली जाते आणि मग ते रेटिंग तुमच्या मशीनचं नसतंच.