‘गुडबाय टू लँग्वेज’ का नाही आवडला?

पुण्यात लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्हमधला एखादा सिनेमा सुटला की कुणी ना कुणी विचारतंच, “तुम्हाला तो फ्रेंच दिग्दर्शक गोदार एवढा आवडतो, मग त्याचा ‘गुडबाय टू लँग्वेज’ का नाही आवडला?” विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: कळला नसेल.

पूर्ण कळला नाही हे खरंच. पण ‘उसकी रोटी’ हा सिनेमा तरी पहिल्यांदा कुठे कळला होता? इथल्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या मणी कौल यांनी तो 28 आणि 135 मिलिमीटरच्या दोनच लेन्स वापरून केला. घडतं काय, तर बस ड्रायव्हर नवऱ्याची रोटी घेऊन बाई रस्त्यावर वाट बघत राहते. तिचं ते ताटकळणं माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

गोदारचा 2014चा हा सिनेमा मी कोथरूडला मित्राच्या थ्रीडी टीव्हीवर, चष्मा लावून पाहिला. त्यातला एक शॉट अफाट आहे. दोन डोळ्यांसाठी दोन कॅमेरे. एक जागीच थांबतो, दुसरा निघालेल्या पात्रामागे वळतो. एका डोळ्याला एक दृश्य, दुसऱ्याला दुसरं. कुठला डोळा मिटायचा ते आपण ठरवायचं, म्हणजे संकलन आपलंच! मग दोन्ही चित्रं परत एक होतात. त्र्याऐंशीव्या वर्षी हे सुचणं! फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं ते रास्तच.

निराशा केली ती त्यातल्या स्त्री-पुरुषांनी. ते घरात नागडे वावरतात, भांडतात आणि सतत पुस्तकातली वाक्यं बोलतात. त्यांचं नातं विस्कटलं तरी मला काही तुटल्यासारखं वाटलं नाही. गोदारचं कुत्रं, रॉक्सी, पाण्याकाठी आणि बर्फात हुंगत फिरतं तेव्हा मात्र कॅमेऱ्यात माया उतरते. ती माया माणसांच्या वाट्याला का आली नाही?

गोदारच्याच 1960च्या ‘ब्रेथलेस’मध्ये ती माया होती. गाडीत नायक मिशेल त्याच्या प्रेयसीच्या, पॅट्रिशियाच्या मानेचं, आवाजाचं, कपाळाचं कौतुक करतो, शेवटी तिला भित्री म्हणतो, आणि हे बोलणं चालू असतानाच तिच्या मानेवरचा शॉट पुन्हापुन्हा तुटतो. कट नवा होता, पण त्यात ती दोघं जिवंत होती.

थ्रीडीची सोय असेल तर ‘गुडबाय टू लँग्वेज’ तुम्ही जरूर पाहा. आणि त्यातल्या बाईविषयी किंवा माणसाविषयी काही वाटलं, तर काय वाटलं ते मला सांगा.