एकट्याचं चेर्नारुस: डेझेड सोलो सर्व्हरची सध्याची घडी

डेझेड या झोंबींच्या जगात तगून राहायच्या ऑनलाइन गेमचं सगळं गणित साठ खेळाडूंचं आहे. चेर्नारुसच्या सुमारे २२५ चौरस किलोमीटरच्या नकाशावर किती बंदुका, किती डबे, किती गाड्या हे आकडे माणसं एकमेकांच्या हातातलं हिसकावणार असं धरून ठरलेले. एकटाच उतरलात की ते हिसकावणारे हात गायब होतात आणि लूट, म्हणजे नकाशावर सापडणारं सामान, मात्र तेवढीच राहते. त्यामुळे सोलो म्हटलं की लूट वाढवणारे मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या जोडण्या) टाकणं हे उलटंच काम आहे. इथे लूट कमी करायची आणि माणसांची जागा बॉटनी (संगणक चालवतो त्या पात्रांनी) भरायची.

पाया आधी. स्टीमच्या टूल्समध्ये ‘डेझेड सर्व्हर’ मिळतो, तो गेमच्याच मशीनवर चालतो. मिशनचं (नकाशाच्या आणि लुटीच्या फायली असतात ते) मूळ फोल्डर हात न लावता ठेवा, त्याची प्रत करा, ‘एकटा.चेर्नारुसप्लस’ असलं काही नाव द्या (प्रत्यक्षात अर्थात इंग्रजी अक्षरांत) आणि सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये टेम्प्लेट म्हणून तेच लिहा. टिंबानंतरचा भाग नकाशाचं नाव असतो, तो बदलायचा नाही. मूळ फोल्डरमध्ये बदल केले तर पुढच्या अपडेटला सगळी मेहनत पुसली जाऊ शकते.

मॉड पाच: कम्युनिटी फ्रेमवर्क, डॅब्स फ्रेमवर्क, एक्सपान्शन कोअर, एक्सपान्शन एआय, आणि चाचणीपुरतं व्हीपीपी ॲडमिन टूल्स. क्रमही हाच. क्लायंट आणि सर्व्हर दोन्हीकडे तीच यादी हवी. प्रत्येक मॉडच्या फोल्डरमधली ‘.bikey’ फाइल (मॉडची सही तपासायची की) सर्व्हरच्या कीज फोल्डरमध्ये टाकायची. व्हेरिफाय सिग्नेचर्स २ वर असताना एखादी की राहिली, तर जोडणी होता होता सर्व्हर बाहेर काढतो आणि लोक उगाच फायरवॉल तपासत बसतात. जोडणीचा पत्ता १२७.०.०.१, पोर्ट २३०२.

वेळेचं सेटिंग पहिल्याच दिवशी करा. सर्व्हर टाइम ‘सिस्टिम टाइम’वर ठेवला की संगणकाचं घड्याळ तेच गेमचं घड्याळ, रात्री नऊला खेळायला बसणाऱ्याच्या नशिबी कायम अंधार. सध्या तिथे सकाळची ठरावीक वेळ दिली आहे, टाइम ॲक्सिलरेशन ४, नाइट ॲक्सिलरेशन ६. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने गुणलं जातं, म्हणजे रात्र २४ पट वेगाने सरते: दिवस साधारण तीन तासांचा, रात्र अर्ध्या तासाची. सर्व्हर टाइम पर्सिस्टंट १ केलं की बंद केलं तिथूनच घड्याळ पुढे चालतं.

ग्लोबल्स फाइलमध्ये लॉगइन-लॉगआउटचे १५ सेकंद ५ वर आणले आहेत. लॉगआउटची वाट ही मारामारीतून पळ काढणाऱ्यांना रोखायला असते. इथे पळणार कोणापासून?

आता लूट. टाइप्स फाइलमध्ये प्रत्येक वस्तूचे नॉमिनल आणि मिन हे दोन आकडे महत्त्वाचे: नकाशावर किती असाव्यात, आणि किती उरल्या की पुन्हा भरायला लागायचं. बंदुका आणि मॅगझिनचे दोन्ही आकडे निम्मे केले आहेत. डबाबंद खाणं दोन तृतीयांशावर. औषधं आणि बियाणं जशीच्या तशी, कारण जखम पिकली आणि टेट्रासायक्लिन नाही, यात कसरत कमी आणि कंटाळा जास्त. मिन हा नॉमिनलपेक्षा मोठा ठेवू नका. आधीच चालू असलेल्या जगात फरक लगेच दिसत नाही. पडलेल्या वस्तूंचा लाइफटाइम संपेपर्यंत जुना साठा राहतो.

एक फसवी जागा आहे. टाइप्समध्ये त्याच वस्तूच्या नोंदीत ‘काउंट इन होर्डर’ नावाचा फ्लॅग असतो. तो १ असेल तर बॅरल, तंबू, पुरलेली पेटी यांत दडवलेली वस्तूही मोजली जाते. नॉमिनल २ आणि दोन्ही रायफली तुमच्या तंबूत, की तिसरी कधीच येणार नाही. लूट बिघडली म्हणून मॉड उचकटण्याआधी हा फ्लॅग बघा.

झोंबी वाढवायला बरेच जण ग्लोबल्समधला झोंबी मॅक्स काउंट १००० वरून वर नेतात. एकट्याला त्याने काही फरक पडत नाही. झोंबी खेळाडूच्या आसपासच उगवतात, त्यामुळे ती मर्यादा कधी गाठलीच जात नाही. बदल करायचा तो एन्व्ह फोल्डरमधल्या झोंबी टेरिटरीजमध्ये, प्रत्येक झोनच्या डीमिन आणि डीमॅक्सला (झोंबींची किमान आणि कमाल संख्या). लष्करी झोनमध्ये दोन्ही दीडपट केले आहेत, गावांत काही नाही. शहरी झोनही दुप्पट करून पाहिले, पण चेर्नोगोर्स्कमध्ये फ्रेमरेट पार झोपतो. सर्व्हर आणि गेम एकाच प्रोसेसरवर आहेत हे विसरून चालत नाही.

बॉटचं काम सर्वांत नाजूक. एआय सेटिंग्जमध्ये ॲक्युरसी (नेम) मिन ०.२, मॅक्स ०.५, थ्रेट डिस्टन्स लिमिट (धोका किती लांबून हेरायचा) ३०० मीटर. यापेक्षा जास्त ठेवलं तर झाडीपलीकडून, न दिसणाऱ्या माणसाची गोळी लागून खेळ संपतो, आणि त्यातून शिकण्यासारखं काही नसतं. पॅट्रोलची, म्हणजे बॉटच्या गस्ती तुकड्यांची, फाइल मिशन फोल्डरच्या एक्सपान्शन सेटिंग्जमध्ये आहे. नंबर ऑफ एआय उणे ३ लिहिलं तर एक ते तीन यांपैकी कितीही येतात, म्हणून हाच आकडा ठेवा. पक्के तीन येणार हे माहीत झालं की भीती जाते. वायव्येकडच्या एअरफील्डला दोन तुकड्या, तिसीच्या लष्करी तळाला एक, किनाऱ्यावर शून्य.

मेलेला बॉट बंदूक टाकतो, आणि ही लूट टाइप्सच्या हिशोबाबाहेरून येते. म्हणून लोडआउट फाइलमध्ये (बॉटकडे काय असावं ते ठरवणारी) हत्यारांची हेल्थ ०.३ ते ०.५ वर उतरवली आहे. मिळते ती मोडकी बंदूक. क्लीनिंग किट शोधणं आलंच.

पुढे करायचं ते गाड्यांचं. इव्हेंट्स फाइलमधले आकडे अजून मूळचे आहेत आणि एका माणसाला इतक्या ॲडा (गेममधली एक गाडी) लागत नाहीत. बॅकअपसाठी सर्व्हर आधी नीट बंद करून मिशनमधलं स्टोरेज_१ फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा. सर्व्हर चालू असताना लाइट गेली तर फायली अर्धवट लिहिलेल्या राहू शकतात. एखादा मॉड काढण्याआधीही ही प्रत हवीच. त्याच्या वस्तू काढल्याबरोबर जगातून जातात, आणि मॉड परत टाकला तरी त्या येत नाहीत.